नळ एक दिवस आधी आले

कडूबा मुकादमानं दिवस निवडला होता तो पुरता विचार करून. पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत नऊ दिवसांनी नळ येणार होते शुक्रवारी, म्हणजे गुरुवारी घरोघरी पाण्याची ओढाताण. जिथं भांडी विसळायला पाणी नाही तिथली माणसं ड्रेनेजमध्ये सोडणार तरी काय? जुनी लाइन काढून नवी जोडायला यापेक्षा बरा दिवस सापडला नसता. तरी त्यानं सकाळी दारोदार फिरून बजावलं, "दुपारी दोनपर्यंत मोरी-संडासात पाणी टाकू नका. खाली माणूस हाय." बायका हसल्या. टाकायला हाय कुठं, म्हणाल्या.

खालचा माणूस म्हणजे तौफिक. सात वर्षं ही जोडी एकत्र काम करत होती. तौफिक खाली, कडूबा वर. आज चर चौदा फूट खोल होता. चराच्या टोकाला जुनं चेंबर. गल्लीची घाण घेऊन त्यात उतरणाऱ्या पाइपाच्या तोंडात वाळूच्या गोण्या ठासल्या होत्या, आणि तौफिक चेंबरची भिंत फोडून नव्या पाइपाला वाट करत होता. गोण्या किरकोळ पाण्यापुरत्या होत्या. लोंढा आला तर त्या टिकणार नाहीत, हे कडूबाइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

पावणेअकराला पाणी सोडणाऱ्या लाइनमनचा फोन आला. "कडूबाभाऊ, उद्या दुरुस्ती निघालीय. तुमच्याकडचं पाणी आजच सोडलंय बघा."

या शहरात पाण्याची बातमी कानावर पडली की माणूस आधी घरी फोन लावतो आणि विचार नंतर करतो. कडूबाचं घर त्याच गल्लीच्या वरच्या टोकाला. अंगठा आपसूक बायकोच्या, मनकर्णाबाईच्या नावावर गेला.

"अगं, नळ आजच येणार हायेत. राखीव ड्रम ओतून घासून ठेव. शेजारी बी सांग."

"व्हय, सांगते की!" ती हरखून म्हणाली.

तोही हरखला होता. फोन खिशात टाकून त्यानं चक्क तंबाखू मळायला घेतली.

मग घरोघरच्या पाणी खेचायच्या मोटारी सुरू झाल्या. आधी एक, मग चार, मग सगळी गल्ली घुमायला लागली. त्या आवाजात फरशीवरून ड्रम ओढल्याचा खरखराट आला आणि कडूबाच्या हातातली तंबाखू खाली सांडली.

राखीव ड्रम! नळ चुकले तर असावा म्हणून प्रत्येक घर एक भरला ड्रम झाकून ठेवतं. हाल झाले तरी त्याला हात लावत नाहीत. आणि नवं पाणी आलं की पहिल्यांदा तोच ओततात, कारण नऊ दिवसांत त्यात अळ्या झालेल्या असतात. साठ-सत्तर घरं, साठ-सत्तर ड्रम, सगळे एकाच वेळी मोरीत. दिवस निवडताना हा ड्रम त्याच्या ध्यानातच आला नव्हता, आणि आता तर त्यानंच तो ओतायला सांगितला होता.

त्यानं घरी फोन लावला. वाजत राहिला. मनकर्णाबाईचे हात ओले असणार.

"सांडू!" त्यानं जेसीबीवाल्याला हाक मारली. "पळ गल्लीत! मोरीत पाणी ओतू नका म्हणाव! पळ!"

सांडू पळाला. कडूबानं चरात वाकून तौफिकच्या कमरेच्या दोराला तीन हिसके दिले. तीन हिसके म्हणजे वर ये. दोर हिसक्यासरशी वर आला, टोकाला राडारोड्यानं भरलेलं घमेलं. माल वर पाठवायला तौफिकनं कमरेचा दोर सोडून घमेल्याला बांधला होता. तसं ते रोजच करत.

"तौफिक! ए तौफिक!"

तौफिकचं डोकं आणि खांदे चेंबरच्या भगदाडात होते, हातोडा चालू होता. कडूबानं शिडीवर एक पाय ठेवला. दुसरा पाय हलेना. तो भ्यायला होता. खाली जाऊन आपणही मरू, एवढंच त्याच्या मनात होतं. पाय मागं घेऊन त्यानं मातीचं ढेकूळ उचललं आणि तौफिकच्या पाठीत हाणलं. मग दुसरं.

तौफिक चिडून बाहेर आला. "क्या चाचा!"

"वर ये! पाणी येतंय! वर ये!"

चेंबरच्या आतून गुरगुर ऐकू आली. तौफिकनं एकदा मागं पाहिलं आणि शिडी पकडली. चौथ्या पायरीवर असतानाच गोण्या सुटल्या. काळं पाणी भगदाडातून उसळलं, माती अडवायला ठोकलेल्या बाजूच्या फळ्या सरकल्या, मातीची दरड चरात बसली आणि शिडी तिरपी झाली. कडूबानं पालथं पडून त्याचं मनगट धरलं. परत आलेल्या सांडूनं कॉलर धरली. ओढून त्याला वर काढलं तेव्हा त्याचा एक बूट खालीच राहिला होता.

तौफिक उकिडवा बसून ओकला.

"पानी तो कल आनेवाला था," तो म्हणाला. "यांना सांगितलं कुणी?"

सांडूनं सांगितलं असं म्हणता येईल, लाइनमननं सांगितलं म्हणता येईल, असं सगळं कडूबाच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातली मेघा कळशी घेऊन आली. तौफिकच्या हातावर पाणी घालत ती कडूबाला म्हणाली, "मामा, लई बरं झालं तुम्ही घरी कळवलं. नायतर आम्हाला पत्ताच नव्हता."

तौफिकनं हात धुतले, चूळ भरली. मेघा गेली. तो कडूबाकडं पाहत राहिला आणि कडूबा जमिनीकडं.

"चुकलं रे," कडूबा म्हणाला. "ध्यानातच आलं नाय."

तौफिक शिव्या देईल, अंगावर येईल, याची तो वाट पाहत होता. तौफिकनं फक्त विचारलं, "जोड अर्धा राहिलाय ना?"

"व्हय."

"पाणी उतरलं, फळ्या परत ठोकल्या, की तुम्ही उतरा चाचा. मैं ऊपर रुकता."

कडूबानं मान डोलावली. सांडू नव्या फळ्या आणायला गेला. घाण पाणी हळूहळू खाली बसत होतं, गल्लीतल्या मोटारी अजून चालूच होत्या. तौफिकनं दोर उचलला, कडूबाच्या कमरेला दोनदा वेढून गाठ मारली आणि ओढून पाहिली.

"तौफिक," कडूबा हळूच म्हणाला, "मी वर येईस्तोवर फोन आला तर घेऊ नको."