नाण्यातला दोरा

"आरतीच्या ताटातलं हाय, भाऊ. पण चोरलं नाई. माझं जुनं टाकलं, मंग हे घेतलं."

देवकाबाईंनी पदराची गाठ सोडून वीस पैशांचं नवंकोरं नाणं नत्थूजींच्या टेबलावर ठेवलं. सप्त्याचं शेवटचं, काल्याचं कीर्तन नुकतंच आटोपलं होतं. नत्थूजींच्या कपाळावरचा बुक्का अजून तसाच होता. कारंज्याच्या बस स्टँडसमोरचं घड्याळदुरुस्तीचं दुकान उघडून त्यांना पाच मिनिटंही झाली नव्हती.

आपल्या घडीसाठी ताटकळलेले किसनराव हसले. "देवाच्या ताटातलं उचलता, बाई? देव पाहून राह्यला नं!"

"त्यालेच विचारून उचललं. तुमची घडी कवा चालन, ते मात्र त्याले बी मालूम नाई."

"बाप्पा! मी आपला चहा पिऊन येतो," म्हणत किसनराव उठले.

ताटाची गोष्ट साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. देवकाबाईंचे यजमान रूपराव चौऱ्याहत्तर साली कामासाठी परमुलखात गेले. टांकसाळीत हमालीला लागलो, एवढं कळवणारं एक कार्ड आलं. त्यानंतर नऊ वर्षांत काही नाही. तेव्हापासून त्यांच्या तळेगावच्या देवळात असो की इथे, आरतीचं ताट समोर आलं की बाई आपलं नाणं टाकत आणि त्यातलं सगळ्यात नवं उचलून डोळ्यांजवळ नेत. 'त्यायच्या हातून गेलं असन,' म्हणत. ताट फिरवणारे अण्णाजी त्यांच्यापुढे जरा जास्तच थांबत. पहिल्या वर्षी बाया हसल्या. पुढे त्यांनीच ताटात चकचकीत नाणी टाकायला सुरुवात केली.

"पाहा नं, काय हाय त्यात."

नत्थूजींनी डोळ्याला भिंग लावलं. ठप्पा पडताना मधे काही आलं तर ते नाण्यात दबून बसतं, हे त्यांना नागपूरच्या एका नाणी जमवणाऱ्या मास्तरांनी शिकवलं होतं. वंगण आलं तर अक्षरं बुजतात, कापड आलं तर वीण उमटते, तार आली तर चर पडतो. इथे तर मधे आलेली वस्तू अजून आतच होती. आकड्याच्या पोटातून काळा, केसाहून जाड धागा आडवा गेला होता. कडेला त्याचं इवलंसं टोक सुटं राहिलं होतं.

"दोरा हाय नं? काळा?" बाईंचा आवाज बारीक झाला. "जाताना म्याच त्यायच्या मनगटाले बांधला होता. मारुतीचा. म्हटलं, वापस याल तवाच सोडजा."

नत्थूजींनी नाणं उजेडाकडे फिरवलं. सुताला पीळ असतो. इथे पीळ दिसत नव्हता. पण चेपलेल्या धाग्याचं काय सांगावं?

"नक्की सांगता येत नाई, बाई. टोक जाळून पाहावं लागन. सूत असन तर राख होते."

"अन नसन तर?"

नत्थूजींनी खणातून काडीपेटी काढली. कालच्याच कीर्तनात बुवांनी उद्धव गोकुळात आणला होता. गवळणी वाट बघत होत्या कृष्णाची, आणि रथातून उतरला तो ज्ञान सांगणारा उद्धव. 'त्यांना ज्ञान नको होतं हो!' म्हणत बुवांनी चिपळ्या थांबवल्या, तेव्हा पहिल्या रांगेतल्या नत्थूजींना उपरण्यात तोंड लपवावं लागलं होतं. आता काडीपेटी त्यांच्याच हातात होती.

"राहू द्या, बाई. देवापाशी ठेवा तसंच. काऊन जाळाचं?"

"नऊ वर्सांत पहिल्यांदा काही हाती लागलं, भाऊ. दुसऱ्याचंच असन तर त्याले कुकू लावत बसू काय? जाळा."

त्यांनी चिमट्यात नाणं धरलं आणि काडी ओढली. टोक पेटलं नाही, राखही झाली नाही. ते आक्रसलं आणि त्याचा मोहरीहून बारीक, चमकदार मणी झाला. उग्र वास सुटला.

तो वास देवकाबाईंनी आधी ओळखला. "आमच्या प्लास्टिकच्या बादलीचा कान चुलीपाशी जळलता, तवा असाच वास आलता."

"नायलॉन हाय. यंत्र साफ कराच्या ब्रशचा केस असन."

बाई नाण्याकडे पाहत राहिल्या. बाहेर एक ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. मग त्यांनी पदराची रिकामी गाठ पुन्हा आवळली.

"मंग त्यायचा दोरा तुटला नाई," त्या म्हणाल्या.

नत्थूजींनी भिंग काढलं.

"नाई," ते म्हणाले. "हा तो नव्हेच."

"तेच तर म्हणून राह्यली." त्यांनी नाणं बोटानं पुढे सरकवलं. "हे तुमच्या मास्तरले देजा. त्यायच्या कामाचं हाय."

अमरावतीची एसटी लागली होती. नत्थूजी किसनरावांची घडी हातात घेऊन बसले, पण नजर बाहेरच होती. देवकाबाई पायरीवर चढल्या. दारातल्या कंडक्टरने विचारलं, "किती, मावशी?"

दांडा धरून त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. रस्त्यावर नुसतं दुपारचं ऊन होतं.

"एक," त्या म्हणाल्या. "तळेगाव."