भिंतीवरची सात ठिगळं

१

हॉलच्या भिंतीवर रंगाची सात ठिगळं होती. प्रत्येक ठिगळ वहीच्या पानाएवढं, आणि खाली चिकटपट्टीनं डकवलेली एकेक चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलीनं नंबर. बायको म्हणायची, हे सायीसारखं, हे ओल्या वाळूसारखं, हे मळलेल्या पिठासारखं. नवऱ्याला सातही पांढरीच दिसत. फार तर मळकी पांढरी.

आणि हा नवरा कोण, तर चष्मेवाला! चौकात त्याचं दुकान, अठरा वर्षं दुसऱ्यांचे डोळे तपासण्यात गेलेली. त्याची एक खोड होती. गिऱ्हाईक फार रुबाबात 'हे बरं, ते नको' करायला लागलं की तो काच काढायचा आणि तीच परत घालायचा. "आता?" "आता एकदम स्वच्छ!" दहातले सहा जण हमखास फसायचे. तेव्हापासून त्याचं ठाम मत होतं, की फरक दिसतो म्हणणारे निम्मे लोक नुसतं म्हणत असतात.

२

"ह्यात पिवळा जरा जास्त झालाय का हो?"

"रंग नाही पिवळा, ताई. ऊन पिवळं आहे. दिवा लावून बघा."

"अगं बाई! बसला की लगेच."

"पडदे कसले येणार?"

"जाडेभरडे. गोणपाटाच्या रंगाचे."

"मग सहावा बाद."

"बादच. तो बघितला की मला थंडी वाजते."

चष्मेवाला आत चहा गाळत होता. लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि तिला कशानं थंडी वाजते हे त्याला आज कळत होतं. तेही ती दुसऱ्याच माणसाला, रंगाऱ्याला सांगत होती म्हणून.

चहा बशीत सांडला.

३

सोमवारी ती रंगाऱ्याला 'पेंटरदादा' म्हणाली.

बुधवारी नुसतं 'पेंटर'.

शुक्रवारी 'अहो'.

नवऱ्याला ती कॉलेजपासून 'अरे' म्हणत आली होती. अहो-जाहो या घरात कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं, आणि आलं ते थेट शिडीवर. रंगारी म्हणजे कुणी मदनाचा पुतळा होता असंही नाही. पन्नाशीचा, टकला, कानावर कायम पेन्सिल खोचलेली. पण पोटात दुखायला लागलं की समोरच्याला टक्कल आहे का, हे कोण बघतं?

चष्मेवाला मनात काय काय म्हणाला ते असं. भिंत आहे, जेवायचीय का. म्हणे 'ऊब'. ऊब हवी तर खिडकी लाव. मी काल नवा शर्ट घातला होता, त्याचा रंग कुणी विचारला?

मोठ्यानं तो एवढंच म्हणाला, "छान आहेत सगळेच."

"सगळेच?" बायको म्हणाली, आणि पुन्हा रंगाऱ्याकडे वळली.

५

शेवटी दोन ठिगळं उरली, चौथं आणि पाचवं. रंगारी निघताना म्हणाला, "उद्या सकाळच्या उजेडात एकदा बघा, आणि मला नंबर कळवा. मी डबे घेऊनच येतो."

सकाळी बायको अंघोळीला गेली आणि चष्मेवाला भिंतीपाशी आला. नाक टेकेल इतका जवळ. मग दोन पावलं मागे. पांढरं आणि पांढरं. दोघांचं पितळ उघडं पाडायचा हाच तो मोका! त्यानं नखानं दोन चिठ्ठ्या सोडवल्या आणि चारची पाचला, पाचची चारला लावली. लागेल चुकीचा रंग, आणि दोघं त्याच्याकडे बघत वा वा करतील. मग तो हळूच सांगेल.

बायको केस पुसत आली, भिंतीकडे पाहिलं, वाकून चिठ्ठी वाचली, फोन लावला. "पाच नंबर. हो, नक्की."

४

संध्याकाळी तो दुकानातून आला तर वा वा नव्हती. बायको ऑफिसची पर्स खांद्यावर तशीच ठेवून हॉलच्या मधोमध उभी होती.

"हा तो नाही," ती म्हणत होती. "ह्याला गुलाबी झाक आहे. सगळं घर मलमपट्टीत गुंडाळल्यासारखं दिसतंय."

"तुम्ही पाच म्हणालात, ताई." रंगाऱ्यानं वही उघडून दाखवली.

"म्हणाले. पण मी बघितला तो हा नाही."

ठिगळं नव्या रंगाखाली गेली होती. पुरावा संपला होता. चष्मेवाला बूट न काढता दारातच थांबला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथं तर भर उजेड पडला होता. तिला खरंच दिसत होतं.

रंगाऱ्यानं वही मिटली. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे चिठ्ठ्या मीच उलट्या लावल्या. असं कधी झालं नव्हतं." तो चष्मेवाल्याकडे वळला. "साहेब, उद्या दुकानात येतो. डोळे तपासता का माझे?"

६

तो खरंच आला, धुतलेला शर्ट घालून. तक्त्याची शेवटची ओळ वाचली, तिच्याखालचं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं. रंगीत ठिपक्यांची पुस्तिका धडाधड पार केली.

"खरं सांगा साहेब. दोष असेल तर मी आजच शिडी विकतो. लोकांची घरं नाही बिघडवायची मला."

'थोडा दोष आहे.' तीनच शब्द. चष्मेवाल्याच्या जिभेवर आले, तिथं बसले, आणि गोड लागले. उद्यापासून शिडी नाही, पेन्सिल नाही, 'अहो' नाही.

समोरचा माणूस टेबलाची कड घट्ट धरून बसला होता.

"तुमचे डोळे ठणठणीत आहेत. चिठ्ठ्या मी बदलल्या."

रंगाऱ्यानं 'का' विचारलं नाही. "ताईंना सांगितलंत?"

"नाही."

"मग आधी तिकडे सांगा. तोवर मी ब्रश भिजवत नाही."

७

बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"तुला फरक दिसला म्हणून बदलल्यास?"

"दिसला नाही म्हणून."

"मग विचारायचं ना मला."

"हसली असतीस."

"हसले असते. मग?" ती थांबली. "तो माणूस रात्रभर झोपला नसेल, कळतंय तुला? उद्या दुकान बंद ठेव. फर्निचर तू सरकवायचं, फरशी तू पुसायची, आणि तो जाईपर्यंत तिथून हलायचं नाही."

तेव्हा दुसऱ्या दिवशी चष्मेवाला गुडघ्यावर बसून फरशीवरचे थेंब पुसत होता. वर शिडीवर रंगारी. दोघांत सकाळपासून चार शब्द झाले असतील, त्यातले दोन 'सरका' आणि 'सरका'. भिंतीवर रंग चढत चालला होता. पांढऱ्यावर पांढरा. त्यानं डोळे बारीक करून पाहिलं, मोठे करून पाहिलं.

दुपारी फोन वाजला. बायको.

"झाला का पहिला हात?"

"झाला. छान—"

"तू राहू दे. त्यांना दे फोन."

रंगाऱ्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत रंगानं माखलेले. म्हणून चष्मेवाला शिडीच्या तीन पायऱ्या चढला आणि हात लांब करून फोन त्याच्या कानाला लावून उभा राहिला.

"हां ताई. हो, आता साय धरली बघा," रंगारी म्हणाला आणि खळखळून हसला. फोनमधून बायकोचंही हसू झिरपत होतं. शब्द कळत नव्हते. हाताला रग लागली होती. तरी चष्मेवाल्यानं फोन कानापासून तसूभर हलू दिला नाही, फक्त आपली मान जमेल तितकी पुढे काढली.