उपवासाच्या दिवसाचा चेंडू

चेंडू एल्डरब्रूकच्या लेवाय बार्स्टोच्या बरगडीत बसला आणि काडकन आवाज झाला.

“बाद! बाद! पुरा त्याला तिथंच!” स्टोनफोर्डची माणसं टोप्या उडवत ओरडली. कुंपणाशी उभ्या अझेल थेयरनं मात्र कान टवकारले. तीस वर्षं स्टोनफोर्डच्या क्लबाचे चेंडू तोच शिवत होता. त्याचा चेंडू अंगावर बसला की थप्प वाजायचा, वळ उठायचा, चार दिवसांत जायचा. काडकन तो कधीच वाजला नव्हता.

राज्यपालांनी उपवासाला आणि प्रार्थनेला दिलेली सुट्टी होती. पाद्रीबाबांनी सकाळी दोन तास सगळ्यांची पापं काढली आणि दुपारी गाव हॅम न् सफरचंदाची दारू घेऊन माळावर लोटलं. एकादशी दुप्पट खाशी, दुसरं काय! पलीकडच्या एल्डरब्रूक गावचा क्लब गाड्या जुंपून आला होता. खेळ तसा सरळ. फळीनं चेंडू टोलवायचा आणि चार खुंटांना वळसा घालून परत यायचं. मधे कुणी चेंडू फेकून अंगावर मारला की बाद. ज्याच्या शंभर फेऱ्या आधी, तो जिंकला. न्यूयॉर्ककडे म्हणे आता पळणाऱ्याला चेंडू मारत नाहीत, नुसता लावतात. त्याला इकडे पोरींचा खेळ म्हणत.

चेंडू यजमानांनी द्यायचा, ही रीत. अझेल चांभार होता. त्यानं शिवलेले जोडे खोक्यांत भरून दक्षिणेला जात, कुणाच्या पायात जात ते देव जाणे. जोड्याला कुणी त्याच्या नावानं ओळखत नसे. पण ‘अझेलकाकाचा चेंडू’ म्हटलं की पाच गावांत माना डोलत. बायको गेल्यावर माणसाला मिरवायला तेवढंच उरलं होतं.

नेमकं तेच ओळखून कप्तान जोथम क्रेन आठवड्यापूर्वी दुकानात येऊन बसला होता.

“काका, गेल्या साली हरलो ते तुमच्या मऊ चेंडूपायी. उशी मारल्यासारखा लागतो. हसतात हो ते!”

“माणसाला मारायचा चेंडू मऊच असतो, जोथम.”

“आत जरासं शिसं घाला की. एकाची बरगडी बोलली, की बाकीचे खुंटाला मिठी मारून बसतील. नाही जमत तर सांगा. एल्डरब्रूकात एक जण बरा शिवतो म्हणे.”

हे शेवटचं वाक्य अझेलला झोंबलं. त्यानं बंदुकीची एक गोळी घेतली, तिच्यावर लोकरीचा धागा घट्ट गुंडाळला आणि वर वासराचं कातडं शिवलं. शिवण अशी सुबक आली की स्वतःच दोनदा हात फिरवून पाहिली.

पण चेंडूला आपला आणि परका थोडाच कळतो? दोन्हीकडचे गडी तोच फेकत होते. तीन वाजेपर्यंत स्टोनफोर्डच्या एकाचे पुढचे दात गवतात पडले, एल्डरब्रूकच्या एकाची दोन बोटं उलटी वळली. बघ्यांमध्ये मुठी चालल्या, कुणी कुंपणाची काठी उपसली. जितकं रक्त दिसे तितकी माणसं चेकाळत होती. अझेल हातात आरी-दोरा घेऊन उभा होता, शिवण उसवलीच तर टाके घालायला. दर फेकीला तो डोळे मिटून घेई. आता सांगावं, असं प्रत्येक वेळी वाटे आणि प्रत्येक वेळी तो हातातल्या दोऱ्यालाच पीळ घालत राही.

एल्डरब्रूकच्या ब्याण्णव झाल्या, स्टोनफोर्डच्या अठ्ठ्याऐंशी. लेवाय मोडकी बरगडी दाबत पुन्हा खेळायला आला. मोठा जिद्दीचा गडी! त्यानं टोला हाणला आणि तिसऱ्या खुंटाकडे धावला. जोथमनं दहा पावलांवरून चेंडू मारला, तो कानशिलावर. लेवाय एकदम खाली बसल्यासारखा पडला आणि उठला नाही. कानातून रक्त आलं. चौघांनी त्याला ओढत एल्मच्या झाडाखाली नेलं.

जोथमनं चेंडू विजारीला पुसला. “चला, पुढचा कोण?”

आणि पुढचा आला! फळी घेऊन उभासुद्धा राहिला. ते पाहून मात्र अझेलचे पाय हलले.

“चेंडू बदल, जोथम.”

“काका, आपल्या बाराच फेऱ्या राहिल्यात. मागं व्हा.”

“आत काय आहे, तुला ठाऊक आहे.”

“तुम्हाला न् मला,” जोथम दात आवळून म्हणाला. “तिसऱ्याला कशाला? थोबाड मिटा आणि घरी जा.”

अझेलनं त्याच्या हातातून चेंडू हिसकला. कमरेची कातडं कापायची रापी काढली आणि स्वतःची ती सुबक शिवण एका ओढीत फाडली. कातडं उलगडलं, लोकर सुटली, गोळी गवतात पडली. जवळचे गडी ती बघायला वाकले.

“मी घातलीय,” अझेल मोठ्यानं म्हणाला. “शिसं मी घातलंय.”

एल्डरब्रूकचे गडी फळ्या उगारून धावले, पण त्यांच्या आधी त्याच्याच गावचे पोचले. ज्यांचे जोडे त्यानं शिवले, तेच जोडे त्याच्या पाठीत, तोंडात, पोटात बसले. “गावाची अब्रू घालवलीस, म्हाताऱ्या!” जोथमनं त्याचा उजवा हात टाचेखाली धरला आणि टाच फिरवली. बोटं मोडली. “आता शिव!” तो म्हणाला. जोथमचं नाव अझेलनं घेतलं नाही. घेतलं असतं तरी ऐकायला कोण मोकळं होतं?

दोन्ही गावं मग एकमेकांवर तुटून पडली. अझेल रांगत झाडापाशी गेला. लेवायला गाडीत घातलं, तेव्हा हाही मागून चढला. गाडी हाकायला बसलेल्या लेवायच्या मेव्हण्यानं चाबूक उगारला. अझेलनं तोंड चुकवलं नाही. कोट काढून लेवायच्या डोक्याखाली सारला आणि हादरे बसू नयेत म्हणून डाव्या हातानं डोकं धरून बसला. मेव्हण्यानं चाबूक खाली घेतला, घोडे हाकले.

पुलाच्या अलीकडे लेवायचा श्वास थांबला. अझेलनं ते मेव्हण्याला सांगितलं. पुढचे दोन मैल त्यानं घोडे सावकाश चालवले.

लेवायची बायको मर्सी पीठ भरल्या हातांनी दारात आली. गाडीत डोकावली. भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती चाकाला धरून थोडा वेळ उभी राहिली. मग तिची नजर अझेलच्या सुजलेल्या तोंडावर गेली.

“तुम्ही यांना धरून आलात? एवढं लागलंय तुम्हाला, तरी? देव तुमचं भलं करो.”

“बाई,” अझेल म्हणाला, “तो चेंडू मी शिवला. आत शिसं मी घातलं होतं.”

मर्सीनं हातांचं पीठ झग्याला पुसलं. आत कुठंतरी मूल रडायला लागलं.

“ते मागाहून,” ती म्हणाली. “आधी पाय धरा. जिना अरुंद आहे.”

अझेलनं डाव्या हातानं आणि उजव्या कोपरानं लेवायचे पाय धरले आणि तो जिना चढू लागला.