सुटलेल्या जुड्या

दुसरी 'अ' मंजिरीची आणि दुसरी 'ब' ऋताची. शाळा हिंदी मुलखातल्या गुढ़ियारीतली, घर समता कॉलोनीतलं, सासूसोबत एकत्र, आणि दोघी एकमेकींच्या जावा. मंजिरी थोरली. नोकरीला लागल्यापासून शाळेत गणित म्हटलं की तिचंच नाव निघायचं. ऋताला शाळेत घ्यावं म्हणून शब्दही तिनेच टाकला होता. धाकटी आपल्या हाताखाली शिकेल, अशी तिची समजूत होती.

झालं उलटंच. ऋताने खराट्याच्या काड्या तोडून आणल्या आणि पोरांना दहा-दहाच्या जुड्या बांधायला बसवलं. दहा जुड्या झाल्या की त्यांचा एक मोठा गठ्ठा. फळ्यावर तीन घरं आखलेली, सैकडा, दहाई, इकाई, म्हणजे शतक, दशक, एकक. पोरं त्या घरांसमोर काड्या ठेवत नि खिदळत. 'अ'मधली पोरं खिडकीतून बघायची. एकदा त्यांतल्या एकाने विचारलं, "मैडम, हम लोग काड़ी वाला कब करेंगे?" मंजिरीने त्याला पाढे म्हणायला उभं केलं.

खरं दुखणं घरातच होतं. आईच्या वर्गात लेकरू नको, असा शाळेचा नियम. म्हणून मंजिरीची रमा ऋताच्या वर्गात होती. तीनशे पाच लिही म्हटलं की ती लिहायची ३००५. कानाला ऐकू येतं तसं, आधी तीनशे, मग पाच. मंजिरीने पाटीवर पुन्हा पुन्हा लिहून घेतलं, आवाज चढवला.

"मधी शून्य एकच असते, काहून समजून नाही राहिलं तुले?"

रमाने पाटी बाजूला सारली. "मम्मी, आप रहने दो. काकू से सीखूँगी."

त्या रात्री मंजिरीला जेवण गोड लागलं नाही.

त्यातच संस्थेचे सचिव यशवंतराव पाठ बघायला येणार असल्याचं कळलं. ज्या बाईचा पाठ चांगला होईल, ती पुढे संस्थेच्या सगळ्या शाळांतल्या बायांना शिकवणार. दरवेळी मंजिरीचाच पाठ ठेवायचे. यंदा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "इस बार ऋता का रखते हैं." आणि सगळ्यांसमोर टाळ्या वाजल्या. मंजिरीनेही वाजवल्या.

पाठाच्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी ती डोकं दुखण्याचं निमित्त करून शिक्षकांच्या खोलीतच थांबली. ऋताची जुड्यांची पेटी टेबलावर होती. मंजिरीने झाकण उघडलं, एकेका जुडीचं, एकेका गठ्ठ्याचं रबर काढलं नि पर्समध्ये टाकलं.

वर्गात यशवंतराव मागच्या बाकावर बसले. शेजारी मुख्याध्यापिका आणि इतर बाया, त्यांत मंजिरी. ऋताने पेटी उपडी केली आणि टेबलभर काड्यांचा ढीग सांडला. तिचा चेहरा उतरला. तरी ती म्हणाली, "चलो, पहले जुड़ी बनाते हैं." पण बांधायला काही नव्हतं. हातात धरलेल्या जुड्या सुटत होत्या, पोरं भांडत होती, कुणाच्या तरी डोळ्याजवळ काडी लागली. यशवंतरावांनी घड्याळ पाहिलं. मंजिरीच्या छातीत काहीतरी थंड, सुखाचं पसरलं.

तेवढ्यात ते उठून पुढे आले. समोरच्या पोरीला खडू देत म्हणाले, "बेटा, तीन सौ पाँच लिखो."

ती रमा होती.

तिने एकदा टेबलावरच्या ढिगाकडे पाहिलं, मग लिहिलं, ३००५. मागची दोन पोरं हसली.

"किसकी बच्ची है?"

"मंजिरी मैडम की," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

मंजिरीला मान वर करवेना. ऋता मात्र पुढे झाली, रमाच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, बच्ची की गलती नहीं है. पाठ मेरा अधूरा रह गया."

यशवंतराव वर्गातून निघून गेले. ऋताची निवड होणार नाही, हे सगळ्यांना कळलं. मंजिरीला जे हवं होतं ते झालं होतं. आणि तरी रमासाठी आपल्याआधी ऋता पुढे झाली, याचाही तिला मत्सर वाटला.

घरी रमा पलंगाच्या कोपऱ्यात तोंड लपवून बसली. मंजिरीने जवळ जाऊन समजावलं, गोंजारलं. पोरगी वळली नाही. शेवटी मंजिरी स्वयंपाकघराच्या दारात गेली. ऋता कणीक मळत होती.

"ऋता, जरा ये. रमाले तूच शिकव."

ऋता हात धुऊन आली. शाळेतून परत आणलेली पेटी उघडून काड्या काढल्या. मंजिरीने पर्स उघडली आणि रबरांचा पुंजका जमिनीवर ठेवला.

ऋताने त्यातलं एक रबर उचललं. "मले वाटलं, ताई, रबर सडून तुटले असतीन."

"सडले नव्हते. मीच काढले."

"हव," एवढंच ऋता म्हणाली. तिचा आवाज रुक्ष होता. ती मंजिरीकडे न बघता जुड्या बांधू लागली. तीन गठ्ठे एका बाजूला, पाच सुट्या काड्या दुसऱ्या बाजूला, मधे मोकळी जमीन.

"रमा, बीच वाले घर में कितनी जुड़ी है?"

रमा हळूच पुढे सरकली. "एक भी नहीं."

"तो उस घर में क्या बैठेगा?"

"ज़ीरो." तिने पाटी ओढली, लिहिलं, ३०५. लगेच पाटी ऋतासमोर धरली, हसली.

रमाने ती पाटी आपल्यालाही दाखवावी असं मंजिरीला फार वाटलं. ती वाट बघत तिथेच बसून राहिली. ऋताने पाटी पाहिली आणि म्हणाली, "जा, मम्मी को दिखा." रमा उठली, पण पाटी घेऊन बाहेर धावली, आजीला दाखवायला.

दोघी जावा काड्या गोळा करू लागल्या.