दुसऱ्या बाजूचे हात

"कायम दोघांनी उचलायचं," फिजिओथेरपिस्ट इस्पितळात एका रुग्णाच्या मुलाला सांगत होता. "स्नायू दमला की मन कितीही हुकूम देवो, बोटांत तेवढा जोर उरत नाही. आपल्याला वाटतं घट्ट धरलंय, आणि पकड सुटते."

ड्युटी संपवून तो घरी आला. पक्षाघात झालेल्या त्याच्या आईला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून न्हाणीघरात त्याची बायको एकटीच न्यायची. ओल्या चादरीही तीच पिळायची. सासूचं सगळं सुनेनं करायचं, असा घरचा शिरस्ता होता. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, त्यालाही नाही.

चहा देताना बायकोच्या हातून कप निसटला.

"वहिनी, हाताला भोकं पडलीत का?" माहेरी आलेली धाकटी नणंद म्हणाली.

"रोजचंच आहे हिचं," तो हसला. "सकाळी एक फुटत नाही. संध्याकाळ झाली की सुरू."

तुकडे वेचताना तिची बोटं थरथरत होती. ते त्याला दिसलं. त्यानं मान टीव्हीकडे वळवली.

जरा वेळानं बायको आईला खुर्चीतून उचलायला आत गेली, आणि धप्पकन आवाज आला. आई पडली होती. खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात नणंद भावाच्या कानाशी कुजबुजली, "कंटाळली होती ती. मुद्दाम सोडलं आईला."

बायकोनं ते ऐकलं, पण ती भांडली नाही. 'यातून सुटले तर बरं', असं चादरी पिळताना कैकदा तिच्या मनात येऊन गेलं होतं. आता तिला स्वतःचाच भरवसा वाटेना.

"मी खरंच सोडलं असेन का हो?" तिनं नवऱ्याला विचारलं.

त्यानं इस्पितळाचे कागद चाळायला घेतले. 'नाही' म्हणायचं तर पकड का सुटली आणि आपण कुठे होतो, हेही सांगावं लागलं असतं.

ऑपरेशन होऊन आई घरी आली. "दादा, आता आईला वहिनीचा हात लागू देऊ नकोस," नणंद म्हणाली.

"तिनं सोडलं नाही," तो म्हणाला. "दिवसभर उचलून, पिळून तिचे हात दमले होते. पकड आपोआप सुटली. तिथे दुसरं माणूस हवं होतं. मी बाहेर टीव्ही बघत होतो."

"अरे, बायकांची कामं ती," आई पलंगावरून पुटपुटली.

उशीचा अभ्रा चढवता चढवता बायको थांबली. "म्हणजे हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

अभ्रा तिनं बाजूला ठेवला. सासूच्या पाठीखाली एका बाजूनं तिनं हात घातला आणि तशीच थांबून राहिली. पलंगाला वळसा घालून तो दुसऱ्या बाजूला गेला.