पाचव्या डिशमधलं गाणं

प्रयोगशाळेत तिला सगळे 'जेलवाली' म्हणत. सायीसारखा थरथरणारा, बोट लावलं तर चिकटेल न चिकटेल असा जेल तिच्यासारखा कुणालाच जमत नसे. पावडर पाण्यात विरघळवायची, बुडबुडा येऊ द्यायचा नाही, निळ्या उजेडाखाली क्षणभर धरून थिजवायचं. मग बशीएवढ्या डिशमधल्या त्या मऊ गादीवर माणसाच्या स्वरतंतूंमधल्या पेशी सोडायच्या. या पेशी मोठ्या लाडावलेल्या! कडक प्लास्टिकवर ठेवलं की रुसतात, व्रणासारख्या निबर होतात. मऊ जागा मिळाली की सुखानं नांदतात. पण गळ्याच्या पेशींना नुसतं मऊ अंथरूण पुरत नाही, थरथरही लागते. म्हणून प्रत्येक डिशखाली एक चिमुकला स्पीकर. रोज चार तास एकच सूर, घूंऽऽ, मग जरा गप्प, पुन्हा घूंऽऽ. अशा सहा डिश, एकवीस दिवस. सहाही टिकल्या तर हा जेल एक पायरी पुढे जाणार. अशा पायऱ्या चढत चढत कधीतरी माणसाच्या गळ्यात.

तिचा जीव यात अडकला होता तो दादापायी. काय गळा होता दादाचा! देवाचं गाणं त्यानं सुरू केलं की मागच्या रांगेतली कुजबुजही आपोआप थांबायची. तीन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. देवाच्या कृपेनं जीव वाचला, पण स्वरतंतूंवर व्रण राहिला. आता नुसती फुसफुस. फोनवर बोलायची ती वहिनी: "हे विचारतायत, जेवलीस का?"

बाराव्या दिवशी तिला ती घूंऽऽ ऐकवेना. या बापड्या पेशींना गळा व्हायचंय, आणि आपण त्यांना फ्रीजची घरघर ऐकवतोय! तिनं दार लोटलं, पाचव्या डिशची वायर काढली आणि आपल्या फोनला जोडली. फोनमध्ये दादाचं जुनं रेकॉर्डिंग होतं. त्या दिवसापासून पाचव्या डिशला रोज चार तास तेच. ऐकता ऐकता तिचे हात नकळत जोडले जायचे.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी पाहते तो काय, पाचव्या डिशमधला जेल कडेपासून सुटलेला आणि मधोमध चिरलेला.

"संपलं," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "सहातली एक फाटली म्हणजे जेलच कच्चा. ही कृती बंद. सोमवारपासून दुसरी."

गप्प राहिली असती तर तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. पण बिनदोषाचा जेल कचऱ्यात गेला असता, आणि त्याच्याबरोबर दादाची आशाही.

"मॅडम, दोष जेलचा नाही. माझा आहे." तिनं सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी चष्मा काढला. "गाणं? माझ्या डिशला गाणं लावलंस?"

"हो."

"अगं, तू जेलवाली की बँडवाली?" मग त्यांचा आवाज जो चढला तो शेजारच्या खोलीतली माणसं दारात येईपर्यंत. दमल्यावर म्हणाल्या, "लाव बघू ते."

दादाचा आवाज खोलीत भरला. वरच्या स्वराशी मॅडमनी हात वर केला. "इथे फाटला. इथे थरथर कितीतरी वाढते. हा जेल बोलण्यासाठी केलाय गं. माणूस दिवसभर बोलला तरी टिकेल. गाणं आपण हिशेबात धरलेलंच नाही."

"मग कधी धरणार?"

"आधी माणसाला बोलू तर दे."

शिक्षा ठरली. चूक तिनं स्वतः नोंदवहीत लिहायची, खोलीची किल्ली मॅडमकडे, आणि सहाही डिश पुन्हा पहिल्या दिवसापासून.

संध्याकाळी ती दादाकडे गेली. तो खिडकीशी बसून मांडीवरच्या शर्टाचं तुटलेलं बटण शिवत होता. तिनं काही लपवलं नाही. "बोलता येईल, दादा. कधीतरी. गाणं मात्र... आत्ता तरी नाही."

"बोलणं येऊ दे गं बाई," वहिनी आतून म्हणाली. "तीन वर्षांत एकदा ओरडले नाहीत माझ्यावर. चुकल्याचुकल्यासारखं होतं."

दादानं सुई खोचून ठेवली. "कुठे फाटला?" तो फुसफुसला.

तिनं ओळ सांगितली. त्याचे खांदे हसण्यानं हलायला लागले. "तिथे माझाही फाटायचा. खोकल्याचं निमित्त करायचो."

मग बराच वेळ तो शर्टाची घडी नीट करत राहिला.

"मॅडमना विचारशील?" तो म्हणाला. "मी खालच्या पट्टीत गायलो तर?"

"विचारते, दादा."

त्यानं डोळे मिटले. ओठ हलू लागले, आवाज नव्हताच. कुठल्या ओळीवर आलाय ते तिला ओठांवरून कळत होतं. जेल फाटला होता ती ओळ आली तशी ती त्याच्या भुवईकडे पाहू लागली. वरच्या स्वराबरोबर त्याची भुवई नेहमी वर जायची. आज त्यानं ती खालीच ठेवली, आणि ओळ पुरी केली.