न विचारलेल्या वीस जणी

घरातलं वडीलधारं माणूस फोन घेऊन येतं आणि विचारतं, "हे कुठं दाबायचं गो?" तेव्हा आपण काय करतो? खरं सांगा! फोन जवळजवळ हिसकावून घेतो, दोन बोटांत काम उरकतो आणि वर ऐकवतो, "किती वेळा सांगायचं तुम्हाला?" ते माणूस ओशाळं होऊन हसतं. रत्नागिरीजवळच्या पावस गावच्या शमिकाला हे हसणं चांगलं ओळखीचं होतं. शेजारच्या तुळसाकाकू दर आठवड्याला असंच हसत तिच्या दारात यायच्या.

शमिका पुण्यात डिझाइन शिकत होती. फोनचा पडदा कसा असावा, त्यावर काय कुठे यावं, हा तिचा विषय. पोर हुशार, त्यात शंकाच नाही. पण काम होण्याआधी तिला नाव व्हायला हवं होतं. वर्गातली सगळी मुलं आपापला 'ब्रँड' उभा करत होती, मग हीच कशी मागे राहील? तिने स्वतःसाठी आमरसासारखा पिवळा रंग ठरवला. नावाखाली ओळ घातली, 'माणसांसाठी डिझाइन'. पावसच्या घरी, आपल्या खोलीच्या भिंतीवर पाच वर्षांचा आराखडा चिकटवला. पहिल्या वर्षी बंगळूरची नोकरी, पाचव्या वर्षी स्वतःचा स्टुडिओ. ज्या माणसांसाठी हे डिझाइन करायचं, ती त्या आराखड्यात कुठेच नव्हती.

नोकरीसाठी एखादा दणदणीत प्रकल्प हवा. पावसजवळ एका धर्मादाय संस्थेचा दवाखाना आहे. तिथे सहा महिन्यांतून एकदा मुंबईचे डॉक्टर येऊन डोळे तपासतात. शमिकाने त्या शिबिराच्या नावनोंदणीचं ॲप आखलं. दिसायला ते फारच देखणं होतं. तारीख निवडली की चौकोन हिरवा व्हायचा. मग तळाशी असलेली एक बारीक करडी रेघ बोटाने वर सरकवायची, की नोंदणी पक्की. बटण औषधालाही नाही! बटणं जुनाट दिसतात, असं तिचं मत.

असा पडदा आधी वापरणाऱ्यांच्या हातात देऊन बघायचा असतो. हा तिच्या विद्येतला पहिला धडा. तिने तो कोणाच्याही हातात दिला नाही. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या आणि प्रकल्पाच्या अहवालात लिहून टाकलं, 'पावस परिसरातल्या वीस महिलांसोबत चाचणी.' सुट्टीत घरी आली तेव्हा तुळसाकाकूंच्या हातात बंद फोन दिला, "काकू, हस ना जरा" म्हणत फोटो काढला आणि खाली त्यांच्या तोंडी वाक्य घातलं, 'आता मला कोणाला विचारावं लागत नाही!' असं सगळेच करतात, अशी तिने मनाची समजूत घातली.

प्रकल्प गाजला. 'आपल्या पावसची पोर' म्हणून गावभर फिरला आणि संस्थेने ते ॲप खरोखरच बनवून घेतलं. नोंदणीच्या टेबलावर गुरुप्रसादकाका तीस वर्षं रुग्णांची नावं वहीत लिहीत आले होते. त्यांनी तेवढं विचारलं, "पोरी, बायकांना वापरायला दिलं होतंस ना? नायतर मी वही चालू ठेवतो."

"वीस जणींना दिलं होतं, काका," शमिका म्हणाली. तिची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

काकांनी वही बंद केली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात शमिका घरी आली ती हवेतच. बंगळूरच्या कंपनीची शेवटची मुलाखत ठरली होती आणि तिथे हाच प्रकल्प सादर करायचा होता. पडवीत आंब्याच्या पेट्या भरणं चालू होतं. तुळसाकाकू दरवर्षी आंबे निवडायला यायच्या. त्यांच्या नजरेतून डागी फळ कधी सुटत नसे. यंदा त्या एकेक आंबा हातात घेऊन अंगठ्याने चाचपत होत्या, आणि तरीही काळा डाग पडलेलं फळ त्यांनी पेटीत ठेवलं.

"काकू, लक्ष कुठं आहे तुझं?" शमिकाने हसत विचारलं.

"दिसत नाय गो. डावा डोळा पार गेला. उजव्यात जरासा उजेड हाय."

शमिकाचं हसू मावळलं. "आणि शिबिरात नाही गेलीस?"

"गेले तर! तुझ्याच त्या ॲपात नाव घातलं होतं. तारीख दाबली, चौकोन हिरवा झाला. म्हटलं, देवानं उजवा कौल दिलान! आता कौल मिळाल्यावर देवाला कोण परत विचारतं काय? फोन देव्हाऱ्याजवळ ठेवला नि नमस्कार केला. तिथं गेले तर म्हणे यादीत नावच नाय, जागा भरल्या, पुढच्या शिबिराला या. डोळा दुखत नव्हता, म्हणून मीपण थांबले. मग रत्नागिरीच्या डॉक्टरनं सांगितलान, काचबिंदू हाय, गेलेली नजर परत येत नाय." काकू ओशाळं हसल्या. "माझंच चुकलं. आम्हा अडाण्यांना काय कळतंय त्यातलं?"

अडाणी? सातवी पास झालेली, रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी बाई ही! शमिका तशीच उठून दवाखान्यात गेली.

गुरुप्रसादकाकांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. तारीख निवडली पण नोंदणी पक्की नाही, अशी अकरा नावं. दहा बायका आणि एक म्हातारे खलाशी.

"काका, खाली रेघ होती. ती वर सरकवायची असते..."

"हे तू मला सांगतेस? तुळसाला कोणी सांगितलं? वहीत नाव लिहिताना मी प्रत्येकीला विचारायचो, सोबत कोण येणार, डोळ्याला काय होतंय. नाव लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवायचो. कुणाचं नाव राहून गेलं तर चूक माझी असायची. आता चूक त्यांची झाली! नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणतात, ते मी ऐकलंय. पण हितं अंगणच वाकडं बांधलंस तू, आणि पडणारी म्हणतेय मलाच चालता येत नाय!"

"मला माहीत नव्हतं, काका."

"माहीत करून घ्यायचं होतं! मी वही बंद केली ती तुझ्या त्या वीस जणींच्या भरवशावर. कुठं हायत त्या? एकीचं तरी नाव सांग."

शमिका रडू लागली. काकांनी तिला गप्प केलं नाही. त्यांनी कपाटातून नवी वही काढली आणि पहिल्या पानावर ती अकरा नावं लिहायला घेतली.

त्या दिवशी तिने हा प्रकल्प आपल्या कामांच्या यादीतून काढून टाकला आणि जे घडलं ते कंपनीला जसंच्या तसं लिहून कळवलं. दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं, मुलाखत रद्द. भिंतीवरचा आराखडा तिने उतरवला. पण एवढ्याने काय होणार होतं? काकूंचा डोळा थोडाच परत येणार होता! चार दिवस तिला त्यांच्या दाराशी जायचं धैर्य झालं नाही.

पाचव्या दिवशी ती गेली. पायरीवर बसून तिने सगळं सांगितलं. न घेतलेली चाचणी, बंद फोनचा फोटो, न बोललेलं वाक्य, काकांना मारलेली थाप. शमिका शिव्यांची वाट पाहत होती.

"म्हणजे," काकू हळूच म्हणाल्या, "मी चुकले नव्हते?"

"नाही, काकू. तू बरोबरच केलं होतंस. चूक माझी होती."

"मग तेवढं नितेशला सांगशील?" नितेश त्यांचा मुंबईतला मुलगा. "तो मला रोज फोनवर म्हणतो, आये, एवढं साधं तुला जमलं नाय, आपल्या हातानं डोळा घालवलास!"

शमिकाने तिथेच बसून नितेशला फोन लावला. पलीकडून तो जे बोलला ते तिने मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. काकू पेपर मांडीवर घेऊन ऐकत होत्या. त्या दिवसाचा पेपर होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मित्रहो, शमिका आता नवा पडदा कागदावर काढते आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बायकांच्या हाती देते. जिला जमत नाही तिला हसत नाही, आपलाच कागद फाडते. पण हे शहाणपण तिला एका बाईच्या डोळ्याच्या मोलाने मिळालं, आणि ते मोल तिने भरलं नाही, काकूंनी भरलं. आपण जे काही बनवतो, मग तो अर्ज असो, फलक असो की फोनचा पडदा, ते ज्याच्यासाठी आहे त्याला आधी विचारा. आणि उद्या तुमची आई फोन घेऊन "हे कुठं दाबायचं?" म्हणत आली, तर तिला अडाणी म्हणू नका. चूक तिची नसते!